डीझेल मोटारींतील पिवळा दिवा

रुडॉल्फ डीझेल या जर्मन एंजिनियरास १८९३ सालीं ज्याचें पेटंट मिळालें, त्या एंजिनांत ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरांत दाबलेली हवाच इतकी तापते कीं, तींत तेलाचा फवारा उडतांच तो पेटतो. थंडींत मात्र ही उष्णता सिलिंडरच्या भिंती शोषून घेतात. म्हणून ग्लो प्लग, ज्यास गॅरेजांत हीटर प्लग म्हणतात, तो विजेनें आधीं तापवितात. किल्ली फिरवितांच वेटोळ्याच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो व कांहीं सेकंदांनीं विझतो.

चालत्या गाडींत हाच दिवा उघडझाप करूं लागला, कीं मालक बहुधा प्लग बदलावयास निघतो. परंतु कांहीं जर्मन मोटारींत एंजिनाच्या नियंत्रणांतील इतर बिघाडही हाच दिवा कळवितो. ब्रेकच्या पेडलजवळील स्विच नादुरुस्त झाला तरीही तो असाच उघडझाप करतो. अशा वेळीं ब्रेक दाबूनही मागील तांबडे दिवे लागत नसतील, तर मागून येणाऱ्याच्या जिवाशीं गांठ आहे.

म्हणून प्रथम दुसऱ्याकडून ब्रेक दाबवून मागील दिवे पाहावेत. नंतर एंजिनाच्या संगणकानें नोंदलेला दोष यंत्रावर वाचून घ्यावा; मग फ्यूज व रिले तपासावे. शेवटीं, एंजिन थंड असतां, तार सोडवून प्रत्येक प्लगचा विद्युत्‌रोध मोजावा. धातूच्या प्लगांत तो सामान्यतः १ ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. अनंत दिसल्यास आंतील तार तुटली असें समजावें. इतकें केल्यावांचून नवा प्लग विकत घेऊं नये.