बारावीला ८८ टक्के, मग डेंटलला नंबर लागेल का?

दर जूनला कुणीतरी अम्मी विचारतातच, "सर, मुलीला ८८ टक्के आहेत, डेंटल मिळेल ना?" बीडीएससाठी बारावीचे मार्क फक्त पात्रतेपुरते: फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून ५० टक्के (ओबीसींना ४०), इंग्रजीत पास. नंबर लागतो नीटच्या मार्कांवर.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हे, इथेच पालक फसतात. २०२५ मध्ये खुल्या गटाचं ५० पर्सेंटाइल ७२० पैकी १४४ मार्कांवर होतं. तेवढ्यावर सरकारी सीट मिळत नाही. उरतात त्या महागड्या खासगी.

बागवान, तांबोळी, अत्तार घरांनी जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन-क्रीमिलेअर अकरावीतच काढायला घ्यावं. काउन्सेलिंगच्या धावपळीत व्हॅलिडिटी मिळत नाही. आणि हो, नीट उर्दूतूनही देता येते.