शिरोभिघात, रक्तवाहिन्या आणि उशिरा येणारा अपस्मार

अपस्माराचा रुग्ण समोर बसला की आपण आहार, निद्रा, कुलवृत्त, मनोभाव विचारतो. पूर्वी कधी मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागला होता काय, हे मात्र पुष्कळदा राहून जाते. हृदय व बस्ती यांच्या जोडीने शिराला त्रिमर्मांत गणणाऱ्या चरकपरंपरेच्या वैद्यांकडून हा प्रश्न सुटावा, याची आम्हांस खंत वाटते.

मेंदूतील केशवाहिन्यांच्या पेशी परस्परांस इतक्या घट्ट सांधलेल्या असतात की रक्तातील बहुतेक द्रव्यांना मेंदूत प्रवेश मिळत नाही. १८८५ साली पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंगद्रव्य सोडले, तेव्हा इतर अवयव रंगले, मेंदू कोरा राहिला. आघाताने ही तटबंदी भेदली जाते. बाहेरची जखम भरते. आतली गळती काही रुग्णांत महिनोन्‌महिने चालू राहते. रक्तातील अल्ब्युमिन मेंदूत झिरपून तेथील ताराकृती आधारपेशींना चिकटते. मज्जापेशींभोवती साचणारे पोटॅशियम उचलून नेणे हे या आधारपेशींचे एक काम. ते मंदावते, दाह सुरू होतो आणि मज्जापेशी अल्प कारणानेही क्षुब्ध होतात. अलोन फ्रीडमन व डॅनिएला कौफर यांच्या गटांनी उंदरांवरील प्रयोगांतून ही साखळी उलगडली. संहितेतील एखाद्या पदात अल्ब्युमिन शोधण्याची घाई मात्र कोणी करू नये.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात ४,५४१ जखमींचा पाठपुरावा झाला. निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. गंभीर आघातानंतर फीट येण्याची शक्यता पाच वर्षांत १० टक्के, तर तीस वर्षांत १६.७ टक्के आढळली. सौम्य आघातात हेच आकडे ०.७ व २.१ होते. म्हणजे मधला काळ दीर्घ आणि निःशब्द असतो. या काळात रोग थोपवणारे सिद्ध औषध आजही कोणत्याच शास्त्राकडे नाही. फेनिटॉइन पहिल्या आठवड्यातील फीट टाळते, पुढील नव्हे, हे १९९० सालीच दिसून आले. लोसार्टनने २०१४ साली उंदरांत आशा दाखविली, परंतु तेवढ्यावर ते कोणाच्या हाती देऊ नये. ब्राह्मीघृताबाबतही आम्ही हेच म्हणू.

केसपेपरवर शिरोभिघाताची तारीख, बेशुद्धीचा काळ व शस्त्रक्रिया यांची नोंद हवी. घृत सुरू करताना फीटच्या चालू गोळ्या बंद करावयास सांगणे धोक्याचे आहे. त्या अचानक तुटल्यास फीटची मालिका लागून प्राणावर बेतते. औषधविक्रेत्या बंधूंनीही ‘आता काढा चालू आहे’ म्हणून गोळ्या न नेणाऱ्या रुग्णास काउंटरवरच थांबवून त्याच्या वैद्यांना कळवावे.