गादी, बुरशी की एमआयडीसीचा धूर?

पावसाळा लागला की डोंबिवलीतल्या दवाखान्यांत एक तक्रार हमखास येते: उठल्याउठल्या शिंकांवर शिंका, गळणारं नाक, डोळ्यांना खाज. निदानही पेशंटच सांगतो, ‘डॉक्टर, एमआयडीसीच्या धुराची ॲलर्जी आहे.’

धुराने घसा चुरचुरतो, दमेकऱ्याचा दमाही उसळतो. पण त्या चुरचुरीला ॲलर्जी म्हणत नाहीत. ॲलर्जीत शरीर एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाविरुद्ध आयजीई ही प्रतिपिंडं बनवतं. ती मास्ट पेशींवर बसून राहतात. तेच प्रथिन पुन्हा आलं की पेशी हिस्टामिन सोडतात आणि काही मिनिटांत शिंका सुरू होतात.

म्हणून फिजिशियनने आधी वेळ विचारावी. उग्र वास आला की त्रास आणि वारा फिरला की आराम, तर संशय धुरावर. अंथरूण झटकताना किंवा ओल आलेलं कपाट उघडताना त्रास, तर गादीतल्या धूळकिड्यांवर किंवा बुरशीवर. खाडीकाठच्या दमट हवेत दोन्ही फोफावतात. काहींना धूर आणि धूळकिडे दोन्ही छळतात.

मग प्रिक टेस्ट. कोपराखाली आतल्या बाजूला धूळकिडे, बुरशी अशा संशयितांच्या अर्कांचे थेंब ठेवून प्रत्येकातून बारीक टोचायचं. शेजारी एक थेंब सलाइनचा, एक हिस्टामिनचा. 15 ते 20 मिनिटांनी फुगवटे मोजायचे. सलाइनपेक्षा निदान 3 मिलिमीटर मोठा असेल तो पॉझिटिव्ह. हिस्टामिनचाच थेंब फुगला नाही, तर चाचणी बाद. बहुधा पेशंटने ॲलर्जीची गोळी आठवडाभर आधी थांबवलेली नसते. त्रासाशी मेळ न बसणारा पॉझिटिव्ह रिपोर्ट निदान ठरत नाही. केवळ रक्तातल्या आयजीईच्या रिपोर्टवरून लहान मुलाचं दूध, गहू, अंडं बंद झालेलं पाहिलं की फार वाईट वाटतं.

उपचारात नाकातला स्टिरॉइड स्प्रे रोज हवा, आणि तो मारायला शिकवायला हवं: उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, टोक कानाच्या दिशेने, मधल्या पडद्यावर नाही. चादरी, अभ्रे 60 अंशांच्या पाण्यात धुवावेत. गुंगी आणणारी जुनी क्लोरफेनिरामिनची गोळी गर्दीच्या लोकलमध्ये दाराशी उभ्या राहणाऱ्याला देऊच नये.

इंजेक्शननंतर किंवा गांधीलमाशी चावल्यावर अंगावर गांधी उठून धाप लागली, बीपी कोसळलं, तर मात्र प्रश्न विचारत बसू नये. पेशंटला आडवं करावं. धाप जास्त असेल तर बसतं ठेवावं. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम ॲड्रेनॅलिन, म्हणजे 1 मिलिग्रॅमच्या ॲम्प्यूलमधलं अर्धा मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत द्यावं. उतार नसेल तर 5 मिनिटांनी पुन्हा. एविल, हायड्रोकॉर्टिसोन त्यानंतर. ॲम्प्यूल आणि सिरिंज टेबलाच्या उघड्या खणात असावी, कुलपात नाही.