कॅम्परसाठी घरचा सर्व्हिस पिट

कॅम्पर व्हॅनखाली पाठीवर सरपटून ऑइल बदलायचा कंटाळा आला असेल, तर अंगणात पिट बांधा. रुंदी साधारण तीन फूट, खोली आपल्या उंचीच्या हिशेबाने; चासी डोक्याच्या जरा वर राहिली पाहिजे.

सगळ्यात जपायचं ते गॅसला. स्वयंपाकाचा एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. गळाला की खड्ड्यात उतरून तळाशी साचतो, मग एक ठिणगी पुरते. म्हणून गाडी पिटवर घेण्याआधी सिलिंडर काढून लांब ठेवायचा. दिवा बारा व्होल्टचा, सीलबंद. पायऱ्या शक्यतो दोन्ही टोकांना.

काळ्या मातीत नुसत्या विटांच्या भिंती नकोत. पावसाळ्यात माती फुगून त्यांना आत ढकलते. आरसीसीच करा. कोपऱ्यात पाणी उपसायला छोटा खळगा हवा. काम नसताना वर जाड फळ्या टाका, पोरंटोरं डोकावतातच!