वाढण्यासाठी अपुरी ठेवलेली घरे

वस्तू, वास्तू किंवा वस्ती घडवण्याआधी तिचा वापर, खर्च आणि आयुष्य यांचा जो एकत्रित विचार केला जातो, त्याला संकल्पन किंवा रूढ शब्दात डिझाइन म्हणतात. मुंबईच्या घरबांधणीत मात्र हा विचार बहुधा सदनिकेच्या विक्रीपाशीच थांबतो. विक्रीनंतरची तीस-चाळीस वर्षे आराखड्यातच धरणारा एक प्रयोग उपनगरांत होऊन गेला असून कांदिवलीचे चारकोप, बोरिवलीची गोराई आणि मालाडची मालवणी येथे तो आजही पाहता येतो.

जागतिक बँकेच्या कर्जातून १९८५ मध्ये मंजूर झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पाखाली म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने येथे तयार घरांऐवजी सुविधांसह आखलेले भूखंड दिले. रस्ते, पाणी, मलनिस्सारण अशी एकट्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची कामे शासनाने आधी करायची आणि भिंती, छत, पोटमाळा, वरचा मजला हे कुटुंबाने पैसा हाती येईल तसे उभारायचे, अशी ही ‘साइट्स अँड सर्व्हिसेस’ पद्धत होती. इंदूरजवळची वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांची अरण्य वसाहत, जिला १९९५ मध्ये वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला, तीही याच विचारातून आली आहे.

चारकोपचे खरे मर्म भूखंडांच्या मांडणीत आहे. सुमारे ३५ लहान भूखंड एका मोकळ्या चौकाभोवती बसवून त्या कुटुंबांची एक सहकारी गृहनिर्माण संस्था करण्यात आली, त्यामुळे दारोदार रुंद रस्ता नेण्यात जाणारी जमीन वाचली, मुलांना खेळायला आणि कार्याला मांडव घालायला जागा मिळाली, आणि त्या जागेची निगा तिच्याभोवती राहणाऱ्यांकडेच आली. मुख्य रस्त्यालगतचे मोठे व व्यापारी भूखंड चढ्या दराने विकून त्यातून लहान भूखंडांची किंमत कमी ठेवण्यात आली; एका ग्राहकाच्या जादा रकमेतून दुसऱ्याचा भार हलका करणाऱ्या या व्यवस्थेला क्रॉस सबसिडी म्हणतात, आणि नफ्याला वस्तीच्या कामी लावण्याची याहून सरळ युक्ती सापडणे कठीण आहे.

सुरुवातीला घरे सावकाश उठली, वस्त्या ओस वाटल्या, आणि अशा प्रकल्पांवर अपयशाचा शिक्का बसून जागतिक बँकेनेही पुढे ही वाट जवळजवळ सोडली. मुंबई आणि चेन्नईतील याच वस्त्यांची वीस वर्षांनंतर पाहणी करणारा अभ्यास २०१८ मध्ये ‘वर्ल्ड डेव्हलपमेंट’ या नियतकालिकात आला, तेव्हा तेथे वेगवेगळ्या उत्पन्नगटांची, दुकाने आणि घरे शेजारी नांदणारी, भरलेली वस्ती आढळली. काही मूळ भूखंडधारक घर विकून निघून गेले आणि अत्यंत गरिबांपर्यंत योजना पुरेशी पोहोचली नाही, ही उणीव खरी आहे व ती झाकू नये. तरीही संकल्पनाची परीक्षा किती लवकर घ्यायची, हा प्रश्न या वस्त्यांनी कायमचा उभा केला आहे.

१९९५ नंतर मुंबईने झोपडपट्टी पुनर्वसनाची निराळी वाट धरली, जीत विकासक मोफत सदनिका बांधून देतो आणि त्या बदल्यात मिळालेले जादा बांधकाम बाजारात विकतो. अशा सदनिकेचे क्षेत्रफळ ताबा मिळतो त्या दिवशीच कायमचे ठरते. चारकोपच्या घराला मुलाच्या लग्नानंतर वर एक खोली चढू शकते आणि खालच्या खोलीत पिठाची गिरणी बसू शकते. या बैठ्या वस्त्यांच्या पुनर्विकासाचे आराखडे होतील, तेव्हा चौकाची जमीन विक्रीयोग्य क्षेत्रात न मोजता मोकळी ठेवण्याची अट विकास नियमावलीत आधीच असायला हवी, कारण एकदा इमारतीचा पाया पडला की चौक परत मिळत नाही.