साखर ‘बॉर्डरवर’ आली आहे? मग आत्ताच लक्ष द्या

उपाशीपोटीची साखर ११२ आली आणि कोणीतरी म्हणाले, “बॉर्डरवर आहे, काही होत नाही.” असा रिपोर्ट तुमचा किंवा घरातल्या कोणाचा असेल, तर घाबरू नका, पण तो बाजूला ठेवून विसरूही नका. मधुमेह टाळण्याची सर्वांत चांगली संधी याच टप्प्यावर असते.

आकडे काय सांगतात?
किमान ८ तास उपाशी राहून केलेल्या तपासणीत साखर १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ टक्के असेल, तर त्याला मधुमेहपूर्व अवस्था (प्री-डायबेटिस) म्हणतात. रक्तक्षय असल्यास एचबीए१सीचा आकडा फसवा येऊ शकतो, म्हणून हिमोग्लोबिनही तपासून घ्या.

शरीरात काय घडते?
इन्सुलिन रक्तातील साखर पेशींमध्ये पोहोचवते. पोटाभोवती चरबी वाढली की पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. मग स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन तयार करावे लागते. काही वर्षांनी ते कमी पडू लागते आणि मधुमेह होतो.

“मी तर बारीक आहे” असे म्हणून निर्धास्त राहू नका. अनेक भारतीयांचे वजन कमी असूनही शरीरात चरबीचे प्रमाण जास्त असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर महत्त्वाचे संशोधन केले आहे. त्यामुळे वजनाबरोबर कंबरही मोजा. पुरुषांची ९० सेंमीपेक्षा आणि स्त्रियांची ८० सेंमीपेक्षा जास्त असेल, तर धोका वाढतो.

हे थांबवता येते का?
हो, बऱ्याच जणांना येते. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात आहार, व्यायाम आणि थोडे वजन कमी केल्याने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. चेन्नईतील २००६ सालच्या अभ्यासातही जीवनशैली बदलल्याने ते सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाले.

आजपासून काय कराल?
- अर्धे ताट भाजी आणि कोशिंबिरीचे ठेवा. पाव ताटात उसळ, घट्ट वरण, अंडी किंवा मासे घ्या. उरलेल्या पाव ताटात भाकरी, पोळी किंवा भात असू द्या.
- पोह्यांत मटार किंवा मोड आलेली मटकी घाला. उपवासाला साबुदाण्याऐवजी भगर-दाण्याची आमटी थोड्या प्रमाणात घ्या. सोबत ताक किंवा दही असावे.
- दिवसातून चार वेळा साखरेचा चहा आणि बिस्किटे होत असतील, तर पहिली काटछाट तिथे करा.
- आठवड्यातून पाच दिवस ३० मिनिटे भरभर चाला. जेवणानंतर १० मिनिटांची शतपावलीही उपयोगी पडते.
- वजन जास्त असल्यास ५ ते ७ टक्के कमी करा. म्हणजे ७० किलो वजनात साडेतीन ते पाच किलो.

ताण आणि झोप
सततच्या ताणामुळे कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढते आणि त्याने साखरही वाढते. रोज ७ तास झोप घ्या. झोपण्यापूर्वी मोबाइल दूर ठेवा. दीर्घ श्वसन, योगासने किंवा जवळच्या माणसाशी मोकळे बोलणे, जे जमेल ते नियमित करा.

डॉक्टरांना कधी भेटाल?
साखरेची तपासणी निदान वर्षातून एकदा करा. खूप तहान, वारंवार लघवी किंवा अकारण वजन घटणे जाणवल्यास वर्षभर थांबू नका. गरोदरपणात साखर वाढली होती, हेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. शेजाऱ्यांची किंवा नातेवाइकांची गोळी मात्र मनाने सुरू करू नका. औषध लागेल की नाही, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील.