शेतवाटेवरील ट्रॅक्टर: सामर्थ्य आणि सावधगिरी

कोणत्याही भूमीवर चालणाऱ्या वाहनाविषयी बोलायचे म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर परदेशातील चित्र उभे राहते. रुंद फुगीर टायरांची चार चाके, घोड्यावर मांड टाकावी तसे बसण्याचे आसन, आणि रानावनातून धुरळा उडवीत जाणारा एखादा हौशी तरुण. अशी वाहने आपल्याकडेही आता सहलीच्या ठिकाणी दिसतात. परंतु हिंगोली जिल्ह्यात असे वाहन शोधू लागलो तर तो शोध आपल्या दारापाशीच संपतो. पाणंदीतून, धुऱ्यावरून, ओढ्यातून आणि नांगरलेल्या रानातून जाणारे आपले वाहन म्हणजे ट्रॅक्टर. कयाधूच्या काठापासून पूर्णेच्या काठापर्यंत, सेनगावच्या माळापासून वसमतच्या हळदीच्या मळ्यापर्यंत त्याचीच सत्ता आहे. म्हणून त्याच्याविषयीच आज बोलावे असे आम्ही ठरविले आहे.

शहरातील श्रोत्यांना वाटेल की हा विषय शेतकऱ्यांचा आहे. तसे नाही. आपल्यापैकी कित्येकांची शेती गावाकडे आहे आणि ट्रॅक्टर आपल्या नावावर आहे. बाजारात जी हळद येते ती कोणीतरी काढलेली असते आणि काढणारी माणसे कशात तरी बसून त्या शेतापर्यंत गेलेली असतात.

ती कशी जातात, हे 4 एप्रिल 2025 रोजी साऱ्या महाराष्ट्राला कळले. वसमत तालुक्यातील गुंज या गावच्या मजूर स्त्रिया सकाळी शेतकामाला निघाल्या होत्या. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील आलेगावच्या शिवारात त्यांचा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला. सात स्त्रिया बुडून मरण पावल्या, तिघांना वाचविता आले. त्या दिवशी कोणाचे काय चुकले याचा निवाडा करणे हे आमचे काम नाही. परंतु असे प्रसंग कशाने घडतात आणि कशाने टळतात, हे समजून घेणे मात्र आपणा सर्वांचे काम आहे.

प्रथम एक साधा भेद लक्षात घेऊ. बैलगाडीचे युग होते तेव्हा वाटेवर दोन शहाणपणे एकत्र चालत. एक गाडीवानाचे आणि दुसरे बैलाचे. गाडीवानाला डुलकी लागली तरी बैल वाट सोडीत नसे, आणि विहिरीचा काठ दिसताच पाय रोवून उभा राही. ट्रॅक्टरात पन्नास घोड्यांची शक्ती आहे, पण एकाही बैलाचे भान नाही. तो चिखलाला बिचकत नाही, चढाला थकत नाही आणि कड्यापाशी थबकत नाही. यंत्र सगळीकडे जाते म्हणून आपणही सगळीकडे जाऊ शकतो, अशी समजूत त्यातून होते. साऱ्या अपघातांचे मूळ या समजुतीत आहे.

आता ट्रॅक्टर उलटतो कसा ते पाहू. नांगरटीत ढेकळांना आणि उभ्या पिकाला खालून वाव मिळावा म्हणून त्याचे अंग जमिनीपासून उंच ठेवलेले असते. त्यामुळे त्याचा गुरुत्वमध्यही उंचावर असतो. शिवाय पुढचा आस मध्यभागी एका खिळीवर डुलता बसविलेला असतो. म्हणजे चार चाके दिसत असली तरी तोल सांभाळणारा पाया चौकोनी नसून त्रिकोणी असतो: मागची दोन चाके आणि पुढची ती खिळी. गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली ओळंब्याची रेषा त्या त्रिकोणाबाहेर गेली की ट्रॅक्टर आडवा होतो. बांधावर एक चाक चढले, दुसरे खड्ड्यात गेले आणि त्याच वेळी वळण घेतले, तर एवढे पुरते. वळणावर बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वेग दुप्पट केला तर तो जोर चौपट होतो. म्हणून वळणापूर्वीच वेग कमी करावा, वळणात शिरल्यावर नव्हे.

दुसरा प्रकार मागे उलटण्याचा, आणि तो अधिक भयंकर आहे. मागची चाके चिखलात रुतून अडकली आणि चालकाने एकदम क्लच सोडला, तर इंजिनाच्या शक्तीला चाके फिरविता येत नाहीत. मग ती शक्ती ट्रॅक्टरच्या अंगालाच आसाभोवती फिरविते आणि पुढची चाके वर उचलली जातात. सुमारे पाऊण सेकंदात ट्रॅक्टर अशा जागी पोहोचतो की तेथून तो परत येत नाही. एवढ्या वेळात माणसाला धोका ओळखून पाय हालविणेही साधत नाही. याचा अर्थ असा की येथे चालकाचे कौशल्य कामाला येत नाही, आधीची शिस्त कामाला येते. रुतलेला ट्रॅक्टर पुढे रेटू नये. चाकामागची माती खोदून, फळ्या घालून तो मागे काढावा. ओढण्याची साखळी नेहमी खालच्या ओढदांड्यालाच बांधावी, आसाला किंवा त्याहून वर कधीही नाही.

तिसरे संकट ट्रॉलीचे. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला मागून ढकलते आणि वळणावर त्याला आडवा करते. डिझेल वाचावे म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करणारे चालक आम्ही पाहिले आहेत. वाचलेल्या चार पैशांसाठी ते इंजिनाचा रोध हातचा घालवितात. उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा आणि तो तळापर्यंत बदलू नये. ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकांचे ब्रेक वेगळे असतात. ती सोय शेतात वळण्यासाठी आहे. वाटेवर येताना दोन्ही पायपट्ट्या खिट्टीने जोडल्या नाहीत, तर घाईत एकाच बाजूचा ब्रेक लागून ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.

चौथी गोष्ट आपल्या मातीची. काळी माती उन्हात भेगाळते आणि पावसात फुगून लोण्यासारखी होते. वरून घट्ट दिसणारा काठ आतून पोकळ असू शकतो. नाला किंवा कालवा जितका खोल, निदान तितके अंतर त्याच्या काठापासून राखावे, असा नियम आहे. न बांधलेल्या विहिरीपासून तर याहूनही दूर राहावे.

हे सारे इतर देशांनीही किंमत मोजूनच शिकून घेतले. स्वीडनने 1959 साली नव्या ट्रॅक्टरांवर चालकाभोवती पोलादी संरक्षक चौकट सक्तीची केली. पुढील काही दशकांत ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू तेथे नगण्य झाले. रानात फिरण्याच्या हौशी वाहनांचीही हीच कथा आहे. 1970 साली बाजारात आलेली तीन चाकी वाहने इतकी उलटू लागली की 1988 साली अमेरिकेत त्यांची विक्री बंद करावी लागली. चार चाकी वाहनांसही ऑस्ट्रेलियाने 2021 पासून संरक्षक साधन आवश्यक केले. माणसे तीच राहिली. यंत्राभोवती एक कमान आली आणि माणसे वाचली.

मात्र त्या चौकटीविषयी एक खुलासा हवा. उन्हासाठी बसविलेले पत्र्याचे छत म्हणजे संरक्षक चौकट नव्हे. ते ट्रॅक्टरचा भार पेलत नाही. चौकट असेल तर कमरेचा पट्टा बांधलाच पाहिजे, म्हणजे माणूस चौकटीच्या आत राहतो. चौकट नसेल तर पट्टा बांधू नये, कारण मग तो माणसाला उलटत्या यंत्राखाली जखडून ठेवतो.

दूरच्या शेतावर निघताना सोबत काय असावे? मागच्या दोन्ही टायरांत सारखी हवा. ट्रॉलीच्या हुकाला मापाची पिन, ती निसटू नये म्हणून खिट्टी, आणि वर एक जास्तीची साखळी. ट्रॉलीच्या मागे लाल चकाकती पट्टी आणि चालू दिवा; कारण अंधारात उभी असलेली उसाची ट्रॉली मोटारसायकलस्वाराला दिसत नाही. चाकाखाली लावायला लाकडी ठोकळे, एक फावडे, एक टिकाव आणि दोन फळ्या. पन्नास फूट मजबूत दोर आणि हवा भरलेली एक ट्यूब. आपल्या विहिरींच्या मुलखात ही ट्यूब औषधाच्या पेटीइतकीच आवश्यक आहे. औषधाची पेटी तर हवीच, आणि रुग्णवाहिकेचा 108 हा क्रमांक लहान मुलांनाही पाठ हवा.

हडंब्याला शक्ती देणारा मागचा दांडा मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. त्याचा घेर वीतभर धरला तरी एका सेकंदात पुरुषभर लांबीचे कापड तो गुंडाळून घेतो. पदर सुटला हे समजण्याआधीच माणूस ओढला जातो. त्यावरचे झाकण अडचणीचे वाटते म्हणून काढून ठेवण्याची आपली सवय आहे. ती सोडली पाहिजे. झाकण परत बसविण्यास मिनिटे लागतात. गेलेला हात परत बसत नाही.

शेवटी सर्वांत अवघड प्रश्न. ट्रॅक्टरवर एक आसन असते, म्हणून एकच माणूस बसावा. मडगार्डवर बसलेले मूल हे कौतुकाचे दृश्य नसून संकटाचे आहे. मोटार वाहन कायदा 1988 सालचा आहे. त्याच्या व्याख्येप्रमाणे ट्रॅक्टर हे ओढणारे वाहन आहे, स्वतःवर भार वाहणारे नव्हे. ट्रॉली आहे ती मालासाठी. अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती वाहन दिल्यास 2019 च्या दुरुस्तीप्रमाणे पालक आणि मालक यांना तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

यावर शेतकरी म्हणेल, तुमचे खरे, पण पाच कोसांवरच्या रानात मजूर न्यायचे कसे? या प्रश्नाला हसून चालणार नाही. पहाटे स्वयंपाक आवरून निघालेल्या बाईला दुसरे वाहन मिळत नाही आणि शेतमालकाला हंगाम थांबविता येत नाही. आमचे उत्तर असे. पक्क्या रस्त्यापर्यंत प्रवासी वाहन ठरवावे. दहा जणींमध्ये त्याचा खर्च मजुरीच्या मानाने फार नसतो आणि तो मालकाने सोसावा हे न्याय्य आहे. पुढची पाणंद पायी चालावी. हे ज्या दिवशी जमलेच नाही, त्या दिवशी निदान ओढा, उतार, चिखल आणि विहिरीचा काठ आला की आधी सर्वांना खाली उतरवावे, ट्रॅक्टर एकट्याने पलीकडे न्यावा, आणि मग माणसांनी चालत यावे. याला पैसा लागत नाही, पाच मिनिटे लागतात.

आणि गावाने दोन कामे करावीत. वाटेलगतच्या प्रत्येक विहिरीला कठडा बांधावा. तोवर निदान काटेरी कुंपण आणि पांढरे दगड लावावेत. पाणंद रस्त्यांसाठी राज्य शासनाने 2021 साली मातोश्रींच्या नावाने योजना काढली आहे. तिचा ठराव ग्रामसभेत मांडताना रस्ता विहिरीपासून दूर आखला जाईल हे पाहावे.

आपल्या जिल्ह्यातील वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपणांस अभिमान आहे. त्या मानांकनात मातीचा, पाण्याचा आणि वाणाचा गौरव आहे. ती हळद जमिनीतून उकरून काढणारे हात संध्याकाळी सुखरूप घरी परतले, तरच तो गौरव पुरा झाला असे आम्ही समजू. इथून घरी गेल्यावर ज्याच्या दारात ट्रॅक्टर उभा असेल त्याने आज रात्रीच हुकाची पिन, ब्रेकची खिट्टी आणि दांड्याचे झाकण ही तीन ठिकाणे हाताने चाचपून पाहावीत, एवढीच विनंती.